हिमवादळ थांबल्यावर किती तास थांबावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : हिवाळ्यात उंच खिंडीकडे जात असताना दोन दिवसांचे हिमवादळ वाटेतच गाठते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश निरभ्र होते; अशा वेळी हिमस्खलनाचा धोका टळला असे कधी समजावे, आणि वादळ चालू असताना आहे तिथेच राहावे की खाली उतरावे? ‘चोवीस तास थांबले की पुरे’ असा नियम आपल्या एका सोबत्याने सांगितल्याचेही आपण लिहिले आहे. हिवाळी मोहिमांमध्ये वाट ठरवण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे आणि हा नियम मी पुष्कळ तंबूंत ऐकला आहे. तो निखालस खोटा असता तर केव्हाच मागे पडला असता. त्यात अर्धे सत्य आहे, आणि घोटाळा त्या अर्ध्या सत्यामुळेच होतो.

त्यातला खरा भाग असा की, आपोआप सुटणारी बहुतेक हिमस्खलने हिमवर्षाव चालू असताना किंवा तो थांबल्यानंतरच्या पहिल्या दिवसभरात होतात. पुढे ताजे हिम स्वतःच्या वजनाने बसते, कणाकणांमधले बंध घट्ट होतात आणि डोंगरावरून येणारे गडगडाट कमी होतात. परंतु गिर्यारोहक ज्यांत सापडतात ती हिमस्खलने बहुतांशी आपोआप सुटलेली नसतात. अशा सुमारे ९० टक्के प्रसंगांत उतार सुटतो तो सापडलेल्या माणसाच्याच किंवा त्याच्या एखाद्या सोबत्याच्या वजनाने. म्हणजे चोवीस तासांनंतर आपल्यासमोर जो डोंगर उभा असतो त्यावर स्वतःहून सुटले नाहीत, पण एखाद्या पावलाची वाट पाहत असल्यासारखे ताणलेले असे उतार शिल्लक असतात. त्यांचा अंदाज घड्याळावरून येत नाही. किती भार पडला, किती वेगाने पडला, कोणत्या जुन्या थरावर पडला आणि तो उतार किती तीव्र आहे, या चार गोष्टींवरून येतो.

यातली ‘वेग’ ही गोष्ट सर्वांत कमी लक्षात घेतली जाते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. सर्वांत धोकादायक हिमस्खलनात सुटे हिम घरंगळत नाही. हिमाची एक सलग, एकसंध फळीच उतारावरून निखळते. या फळीच्या खाली एखादा कच्चा थर असतो. तो एका ठिकाणी मोडला की मोड आडवी पसरत जाते आणि क्षणार्धात शेकडो मीटर रुंदीचा भाग आधार गमावतो. हळूहळू वाढणाऱ्या भाराशी कच्चा थर काही प्रमाणात जुळवून घेऊ शकतो, कारण दाबाखाली त्याचेही कण एकमेकांना चिकटत जातात. भार झपाट्याने वाढला तर त्याला ती सवड मिळत नाही. म्हणून चार दिवसांत पडलेल्या साठ सेंटिमीटर हिमापेक्षा एका रात्रीत पडलेल्या तीस सेंटिमीटरची मला अधिक धास्ती वाटते. तासाला दोन-तीन सेंटिमीटरने हिम साचू लागले आणि ते काही तास तसेच चालले, तर मी तीव्र उतारांचा विचारच सोडून देतो.

आकड्यांत पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. ताज्या हिमाचे वजन घनमीटरला १०० किलो धरले, तर तीस सेंटिमीटर हिम म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ३० किलो भार. शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद अशा, डोंगराच्या मानाने अगदी किरकोळ असलेल्या उतारावर एका रात्रीत ३०० टन वजन येऊन बसते. हे झाले वारा नसताना. हिमवादळात वारा नसतो असे सहसा होत नाही.

वाऱ्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या अनुभवात चुकलेल्या निर्णयांपैकी निम्म्याहून अधिक वाऱ्याकडे झालेल्या दुर्लक्षामुळे चुकले होते. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूचे हिम तो खरवडून उचलतो, धारेवरून पलीकडे नेतो आणि जिथे त्याचा जोर मोडतो त्या आडोशाच्या उतारावर टाकतो. या रीतीने आडोशाच्या बाजूला आभाळातून पडणाऱ्या हिमाच्या तिपटीने-पाचपटीने, कधी त्याहूनही अधिक वेगाने भर पडू शकते. तंबूजवळ रोवलेल्या काठीवर आपण वीस सेंटिमीटर मोजत असतो, त्याच वेळी धारेपलीकडच्या नाळेत एक मीटर साचलेले असते. शिवाय वाऱ्याने वाहून नेताना हिमाचे नाजूक स्फटिक मोडून त्यांचा चुरा होतो, आणि तो चुरा घट्ट दाबून बसतो. म्हणजे सुटू शकणारी ती फळी वारा स्वतःच तयार करत असतो. अशी जागा डोळ्यांना गुळगुळीत, उशीसारखी फुगलेली दिसते, पायाखाली पोकळ वाजते, आणि तिच्या वर धारेच्या कडेला हिमाचा छज्जा पुढे आलेला असतो. वारा उतारावरून आडवा वाहत असेल तर हीच भर प्रत्येक घळीच्या एका काठाला पडते, दुसरा काठ मात्र कोरडा राहतो. त्यामुळे पन्नास पावलांच्या अंतरावर दोन अगदी वेगळे उतार असू शकतात.

यातून एक चमत्कारिक अडचण उभी राहते. वादळात माणूस साहजिकच वाऱ्यापासून आडोसा शोधतो, आणि वारा आपले ओझे उतरवतो तेही त्याच आडोशाला. फार वर्षांपूर्वी एका मोहिमेत आमच्या म्होरक्याने नाळेच्या तोंडाशी असलेला सपाट तुकडा तळासाठी निवडला. जागा शांत होती, तंबूचे कापडही हलत नव्हते, आणि मी तेव्हा नवखा असल्याने मला ती फारच आवडली. मध्यरात्री वरून आलेला लोट तंबूंच्या अलीकडे चाळीसएक पावलांवर येऊन थांबला. सकाळी बाहेर पाहिले तेव्हा जे दिसले ते हिम राहिलेच नव्हते. फावडे टेकवले तर खणखणीत वाजणारे ढेकळांचे मैदान होते. तेव्हापासून वादळात फार शांत जागा मिळाली की मी आधी वर पाहतो.

तापमानाची चाल ही दुसरी खूण आहे. वादळाची सुरुवात कडक थंडीत झाली आणि पुढे हवा उबदार होत गेली, तर खाली हलके, भुसभुशीत हिम आणि वर ओलसर, जड हिम अशी उलटी रचना तयार होते. थंडी वाढत जाऊन वादळ संपले तर रचना त्यामानाने स्थिर राहते. हिमावर पाऊस पडू लागला तर मात्र थांबून विचार करायलाही वेळ नसतो. पावसाचे पाणी भार वाढवते, बंध सैल करते, आणि कोरड्या ताज्या हिमावर त्याचा परिणाम पहिल्या काही मिनिटांतच दिसू शकतो.

आता जुन्या थराकडे वळू. वादळाआधीचा आठवडा कसा गेला होता, हे वादळाइतकेच महत्त्वाचे असते. निरभ्र, शांत, थंड रात्रींमध्ये हिमाच्या पृष्ठभागावर गोठलेल्या बाष्पाचे पिसांसारखे उभे स्फटिक उगवतात. सकाळच्या उन्हात चकाकणारे ते दृश्य देखणे असते. पण त्यावर पुढचे हिम पडून ते गाडले गेले की पत्त्यांच्या बंगल्यासारखा एक थर आत राहून जातो. दुसरा प्रकार उथळ हिमात घडतो. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास आणि पृष्ठभाग अतिशय थंड, अशा स्थितीत दर दहा सेंटिमीटरला सुमारे एक अंशाहून अधिक फरक पडू लागला की आतले कण एकमेकांपासून सुटे होत जातात आणि मुठीत धरताच निसटणाऱ्या साखरेसारखा रवाळ थर बनतो. अशा थरांवर पडलेले वादळ चोवीस तासांत ‘बसत’ नाही. ते आठवडाभर, कधी कधी कित्येक आठवडे धोकादायक राहते. आपल्या सोबत्याचा नियम मोडतो तो इथे.

उताराच्या तीव्रतेबाबत मात्र निसर्गाने आपल्याला एक मोजता येणारी गोष्ट दिली आहे. फळीच्या स्वरूपाची हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात आणि त्यांतही ३८ अंशांच्या आसपास त्यांची गर्दी असते. याहून उभ्या कड्यांवर हिम फारसे साचत नाही, कारण ते थोडे थोडे सतत खाली सांडत असते. ३० अंशांखाली फळी सहसा निखळत नाही. नकाशावर १०० मीटर आडव्या अंतरात ५८ मीटरांचा चढ म्हणजे ३० अंश आणि पूर्ण १०० मीटरांचा चढ म्हणजे ४५ अंश, एवढे पाठ ठेवले तर घरी बसूनच वाटेतल्या शंकास्पद जागा खुणेने भरता येतात. समोच्च रेषा मात्र सरासरी सांगतात. दोन रेषांच्या मधली दहा मीटरांची उभी पायरी त्यांत दिसत नाही, आणि माणूस गाडला जायला तेवढी पायरी पुरते. म्हणून जागेवर पोहोचल्यावर उतारमापकाने कोन पुन्हा मोजावा. नजरेचा अंदाज थकलेल्या माणसाला हमखास फसवतो.

इथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण स्वतः २० अंशांच्या सौम्य उतारावर आहोत म्हणून सुरक्षित आहोत, असे होत नाही. वर ३५ अंशांचा उतार असेल तर तो सुटून आपल्यापर्यंत येतो. कोरड्या हिमाचा लोट काही सेकंदांत ताशी १०० किलोमीटरपेक्षा अधिक वेग घेतो आणि सपाटीवरही दूरवर वाहत जातो. मोठ्या वादळात तो नेहमीच्या खुणा ओलांडून जातो. २३ फेब्रुवारी १९९९ रोजी ऑस्ट्रियातील गाल्ट्यूर या गावात असेच झाले. लागोपाठ आलेल्या वादळांनी वरच्या उतारांवर हिमाचे प्रचंड थर रचले होते, आणि अखेर सुटलेला लोट सुरक्षित मानलेल्या वस्तीत घुसून ३१ माणसे मृत्युमुखी पडली. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्तेबांधणीच्या कामावरील ५४ मजूर आपल्या निवासी छावणीत असताना हिमाखाली सापडले. त्यांपैकी ४६ जणांना वाचवता आले, आठ जण दगावले. या दोन्ही ठिकाणची माणसे उतार चढत नव्हती. ती आपापल्या मुक्कामी होती.

म्हणून ‘राहावे की उतरावे’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर मुक्कामाच्या जागेवर अवलंबून आहे. तंबू रुंद सोंडेच्या माथ्यावर, दाट आणि जुन्या झाडीत, किंवा वरच्या कोणत्याही तीव्र उतारापासून भरपूर दूर असलेल्या मैदानात असेल, तर वादळात तिथून हलू नये. अन्न आणि इंधन पुरत असेल तर दोन दिवस कंटाळा सहन करणे हाच योग्य निर्णय असतो. झाडीविषयी एक सूचना : झाडांच्या, उताराच्या वरच्या अंगाकडे वळलेल्या फांद्या तुटलेल्या असतील, किंवा उतारावर एकाच वयाच्या कोवळ्या झाडांचा पट्टा खाली उतरत आलेला असेल, तर तो हिमस्खलनाचा नेहमीचा रस्ता आहे. जागा वाईट असेल तर वादळ जोरात येण्यापूर्वी, पहिल्या काही सेंटिमीटरांतच ती सोडावी. भर वादळात, दहा पावलांपलीकडचे दिसत नसताना, वर काय आहे हे कळणे शक्य नसते. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष नेपाळमधील ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीवर पोहोचले, तेव्हा त्या परिसरात किमान ४३ जण मरण पावले; काही हिमस्खलनाने, तर काही वाट चुकून गारठ्याने. हिमवादळात हे दोन शत्रू बरोबरच येतात, आणि एकाला टाळण्याच्या घाईत माणूस दुसऱ्याच्या तावडीत सापडतो.

वादळ थांबल्यावर मी काय पाहतो, ते सांगतो. सर्वप्रथम समोरचे सर्व उतार दुर्बिणीने न्याहाळतो. ताजी हिमस्खलने झालेली दिसली, तर ती कोणत्या दिशेच्या आणि कोणत्या उंचीच्या उतारांवर झाली आहेत हे पाहतो; तशाच इतर उतारांविषयी डोंगराने दिलेला तो लेखी जबाबच असतो. त्यानंतर तळाजवळच्या एखाद्या लहानशा, दहा-बारा पावलांच्या, निरुपद्रवी पण तशाच तोंडाच्या उतारावर चालून पाहतो. पायापासून भेगा सुटल्या, किंवा पायाखालचे हिम ‘धप्प’ असा दबका आवाज करून खचले, तर त्या दिवसाचा निर्णय तिथेच होतो. तो आवाज कच्चा थर मोडल्याचा असतो; सपाटीवर असल्यामुळे आपण वाचलेलो असतो, इतकेच. ‘हिम बसतेय, चांगले आहे’ असे म्हणून पुढे निघालेली माणसे मी पाहिली आहेत.

हिमात खड्डा खणून थर तपासण्याविषयीही आपण विचारले आहे. खड्डा जरूर खणावा, कारण त्यातून जुने थर कळतात. परंतु माझे मत असे की त्याचा उपयोग ‘जाऊ नये’ हे ठरवण्यासाठीच करावा. खड्ड्यात कच्चा थर सापडला तर तो आहे. सापडला नाही, तर तो त्या एका चौरस मीटरमध्ये नाही, एवढेच सिद्ध होते. मागे वाऱ्याबद्दल लिहिले त्याप्रमाणे पन्नास पावलांवर परिस्थिती बदलते, तेव्हा एका खड्ड्याच्या भरवशावर पूर्ण उतार मोकळा समजणे धाडसाचे आहे.

त्या भागासाठी हिमस्खलनाचा अधिकृत अंदाज प्रसिद्ध होत असेल तर निघण्यापूर्वी तो वाचावा. भारतातील उंच पर्वतभागांसाठी चंडीगडस्थित संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था असे अंदाज देते. युरोपातील व उत्तर अमेरिकेतील सेवाही धोक्याची एक ते पाच अशी श्रेणी वापरतात. या श्रेणीत तीन हा आकडा मधला असल्यामुळे वाचणारा त्याला ‘मध्यम’ समजतो. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर धोका केवळ एकाने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो. चार आणि पाचच्या दिवशी लोक घरीच बसतात, तीनच्या दिवशी बाहेर पडतात, आणि प्राणघातक अपघातांचा फार मोठा वाटा याच श्रेणीच्या दिवसांचा असतो.

पहिला निरभ्र दिवस हा त्यामुळेच माझ्या दृष्टीने सर्वांत कठीण दिवस आहे. दोन दिवस तंबूत कोंडून घेतलेली माणसे, संपत आलेली सुट्टी, समोर लखलखणारी खिंड आणि पुढे गेलेल्या दुसऱ्या एखाद्या गटाच्या पाऊलखुणा, हे सगळे एकाच वेळी कानाशी बोलू लागते. पाऊलखुणांना मी कधीच पुरावा मानत नाही. उतार पहिल्या माणसाखाली न सुटता सातव्या माणसाखाली सुटल्याची उदाहरणे आहेत, कारण पहिल्या सहांची पावले कच्च्या जागेवर पडलेली नसतात. आभाळ स्वच्छ असले तरी धारेवरून हिमाचे झेंडे उडताना दिसत असतील, तर आडोशाच्या उतारांवर भर पडणे चालूच आहे आणि त्या उतारांपुरते वादळ थांबलेलेच नाही. दुपारच्या उन्हाने तापणाऱ्या उतारांवर त्या दिवशी वेगळाच धोका जागा होतो, म्हणून असे उतार पहाटे ओलांडावेत किंवा सोडून द्यावेत.

शंकास्पद उतार ओलांडण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर एका वेळी एकानेच जावे आणि बाकीच्यांनी खरोखर सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर सतत नजर ठेवावी. वाट शक्यतो उताराच्या वरच्या टोकाजवळून काढावी, आणि खाली कडा, खड्डा किंवा अरुंद घळ असेल तर तो उतार सोडावाच, कारण तिथे लहानसा लोटही माणसाला खोल गाडतो.

अखेरीस शोध आणि बचावाबद्दल. स्वित्झर्लंडमधील १९८१ ते २०२० या काळातील नोंदी सांगतात की, पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर तो वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर असते, आणि अर्ध्या तासापर्यंत ती तीस टक्क्यांच्या आसपास उतरते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनमध्ये हिमाखाली गाडल्या गेलेल्या लष्करी चौकीतील लान्स नायक हनमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनंतर जिवंत सापडले, पण पुढे ११ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले आणि त्या चौकीवरील इतर नऊही सैनिक दगावले. अशा अपवादावर योजना आखता येत नाही. दहा मिनिटांत बाहेरची कोणतीही मदत पोहोचत नाही. शोध घेणार ते जागेवर असलेले सोबतीच. म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठिकाणा कळावा म्हणून रेडिओ संकेत पाठवणारे व पकडणारे यंत्र), प्रोब (हिमात खुपसून माणूस शोधण्याची लांब काठी) आणि धातूचे फावडे ही तिन्ही साधने प्रत्येकाच्या अंगावर आणि पाठीवर हवीत. ट्रान्सीव्हर सॅकमध्ये ठेवू नये, आणि शोध घेताना मोबाइल त्याच्यापासून किमान अर्धा मीटर दूर ठेवावा, नाहीतर खोटे संकेत मिळतात.

सर्वाधिक वेळ जातो तो खणण्यात, आणि त्याचा सराव सर्वांत कमी केला जातो. एक मीटर खोल गाडलेल्या माणसापर्यंत पोहोचायला साधारण टनभर किंवा त्याहून अधिक हिम हलवावे लागते, आणि थांबलेला लोट काही क्षणांतच दगडासारखा घट्ट झालेला असतो. प्रोब माणसाला लागली की ती उपसू नये, तशीच रोवून ठेवावी. तिच्यावर उभे राहून सरळ खाली खणू नये, कारण आपल्या वजनाने गाडलेल्याच्या तोंडापुढची हवेची पोकळी दबते. खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरकून तिथून आडवे खणत आत जावे, हिम उचलून फेकण्याऐवजी मागे ढकलत राहावे, पुढच्या माणसाला दर मिनिटाला बदलावे, आणि चेहरा दिसताच बाकी अंग मोकळे करण्यापूर्वी तोंड आणि श्वासमार्ग मोकळा करावा.